रांजण आणि रहाट

आमच्या सोसायटीच्या फाटकासमोर एक जुनं बैठं घर अजून टिकून आहे. त्याच्या मागे टॉवर, पुढे चारचाकींची रांग आणि मधल्या ओट्यावर पिंपरीजवळच्या रहाटणीचे मूळचे रहिवासी असलेले एक आजोबा. आधी शेतकरी, मग कंपनीत कामगार, आता गाळ्यांच्या भाड्यावर निवांत. त्यांच्या एका वाक्यात शिफ्ट, ओव्हरटाइम आणि बैल हे तिन्ही सुखाने नांदतात. बडवलेला बैल आणि न बडवलेला वळू यांतला फरक मला त्यांनीच समजावून सांगितला.

“बडवलेला उंच होतो. तंगड्या लांब. पण मान बारीक, वशिंड बसकं. वळूचं वशिंड बघा, चालताना नुसतं डुलतंय. आणि वळू कुळवाला धरत न्हाई. गाय दिसली की गेला.”

खोंड दोन-चार दाती झाला की त्याला पाडायचं, पाय बांधायचे आणि अंडाच्या वरच्या शिरा चेचायच्या. पुढे सरकारी दवाखान्यातला चिमटा आला, तेव्हा जनावराचे हाल थोडे कमी झाले. महिन्याभरात मस्ती उतरते, डुरकणं थांबतं, मानेवर जू ठेवता येतं. उंचीचं म्हणाल तर त्यालाही शास्त्र आहे. लांब हाडांच्या टोकांना असलेली वाढीची कूर्चा तारुण्यात वृषणांच्या संप्रेरकांमुळे मिटते. ती संप्रेरकं देणारी ग्रंथीच गेली, तर कूर्चा उशिरा मिटते आणि हाडं वाढत राहतात. आजोबांना कूर्चा ठाऊक नव्हती, पण तंगड्या मोजलेल्या होत्या.

याच ज्ञानावर युरोपात पहिला शास्त्रीय शिक्का बसला तो १८४९ साली. जर्मनीतल्या ग्योटिंगेन गावी आर्नोल्ड बेर्टोल्ड नावाच्या प्राध्यापकाने कोंबड्यांची वृषणं काढली. कोंबड्यांचे तुरे सुकले, आरवणं आणि झुंजणं बंद झालं. मग काही कोंबड्यांच्या पोटात त्याने एक-एक वृषण परत ठेवून दिलं. जुन्या जागी नाही, जुन्या नसाही जोडल्या नाहीत, नुसतं आतड्यांच्या शेजारी. तुरे परत लाल झाले. म्हणजे वृषणातून काहीतरी रक्तात उतरत होतं आणि रक्तातून तुऱ्यापर्यंत पोचत होतं. बेर्टोल्डने चार-पाच पानांचा निबंध छापला आणि पुढची कित्येक वर्षं त्याकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही.

आपल्याकडे पुरुषाच्या ताकदीचा हिशेब वेगळ्या वहीत मांडलेला होता. आयुर्वेदातले सात धातू: रस, रक्त, मांस, मेद, अस्थी, मज्जा आणि शेवटी शुक्र. आहारापासून एकातून दुसरा घडत जातो आणि शेवटचा सगळ्यांत मोलाचा. सुश्रुतसंहितेच्या वाजीकरणात बोकडाची वृषणं दुधात शिजवून घ्यायला सांगितली आहेत. म्हणजे ताकदीचा उगम कुठे आहे, याचा अंदाज जुन्या वैद्यांनाही होता. पण लोकांच्या तोंडी जे शिल्लक राहिलं ते एवढंच की चाळीस थेंब रक्ताचा एक थेंब होतो, आणि तो गेला की गेला. पुरुषाच्या अंगात जणू एक रांजण आहे. आईबापांनी भरून दिलेला. त्यातलं सांडलं की माणूस रिता. स्वप्नात सांडलं तरी रिता, लघवीवाटे ‘धातू गेला’ तरी रिता. खोल गेलेले डोळे, बसलेले गाल, परीक्षेतलं अपयश, सगळ्याचा दोष रांजणाच्या गळतीला.

मला ज्या काळाबद्दल लिहायचं आहे तो या रांजणाच्या भरभराटीचा काळ. विसाव्या शतकाच्या पहिल्या तीन-चार दशकांत महाराष्ट्रात गावोगाव तालमी होत्या, ब्रह्मचर्यावरची पुस्तकं होती, आणि वर्तमानपत्रांच्या मागच्या पानांवर धातुपौष्टिक गोळ्या होत्या. व्यायाम चांगलाच. पण त्याच्यासोबत पोरांच्या डोक्यात जी भीती घातली गेली, तिने किती रात्री नासवल्या याची मोजदाद कुणी केलेली नाही.

याच सुमारास युरोपात रांजण भरून देण्याचा धंदा सुरू झाला होता, आणि तो करणारे भोंदू नव्हते, नावाजलेले डॉक्टर होते. १ जून १८८९ रोजी पॅरिसमध्ये शार्ल ब्राउन-सेकार या बहात्तर वर्षांच्या शरीरशास्त्रज्ञाने भर सभेत सांगितलं की कुत्र्याच्या आणि गिनीपिगच्या वृषणांचा अर्क मी स्वतःला टोचून घेतला आणि तरुण झालो. जिने धावत चढतो, तासन्‌तास उभा राहून काम करतो. आज कळतं की त्या पाणीदार अर्कात संप्रेरक नावापुरतंही नसणार, कारण ते पाण्यात फारसं विरघळतच नाही. म्हातारबोवांना जे चढलं ते मनाचं बळ. दहा वर्षांनी इकडे देवलांचं ‘शारदा’ रंगभूमीवर आलं आणि पोरीएवढ्या नवरीच्या मागे लागलेल्या भुजंगनाथाला लोक हसले. पॅरिसच्या भुजंगनाथाला मात्र जगभरातून गिऱ्हाईक मिळालं.

मग १९२० साली सर्ज व्होरोनॉफ आला. माकडाच्या वृषणाच्या चकत्या तो श्रीमंत म्हाताऱ्यांच्या अंगात शिवायचा. त्याच्यावर फार शाई घालवण्यात अर्थ नाही. त्याच्यापेक्षा आपल्या कामाचा माणूस व्हिएन्नाचा ऑयगेन श्टाइनाख. त्याचं म्हणणं असं: वृषणात दोन खाती आहेत, एक बीज करणारं आणि एक संप्रेरक करणारं. बीज बाहेर नेणारी नळी बांधून टाकली की पहिलं खातं आटेल, दुसरं फोफावेल आणि माणूस पुन्हा जवान होईल. शस्त्रक्रिया अगदी किरकोळ. १९१८ मध्ये ती पहिल्यांदा माणसावर झाली, १९२३ मध्ये खुद्द फ्रॉइडने करून घेतली. एप्रिल १९३४ मध्ये लंडनला नॉर्मन हेअर या डॉक्टरने ती कवी येट्सवर केली. येट्स तेव्हा अडुसष्ट वर्षांचा होता, आणि पुढे कविता नि प्रेमप्रकरणं दोन्हींना बहर आल्याचं तो स्वतःच सांगत सुटला.

ही किरकोळ शस्त्रक्रिया म्हणजे आपण जिला नसबंदी म्हणतो तीच. हा धागा जरा धरून ठेवा.

एप्रिल १९३४ मध्येच मुंबईत एक खटला निकालाला आला होता. आरोपी रघुनाथ धोंडो कर्वे, वय बावन्न, महर्षी कर्व्यांचे थोरले चिरंजीव. शिक्षणाने गणिती. विल्सन कॉलेजात गणित शिकवत असताना संततिनियमनाचा उघड प्रचार करत होते. मिशनऱ्यांच्या कॉलेजला ते मानवेना, तेव्हा त्यांनी प्रचार ठेवला आणि नोकरी सोडली. १९२१ मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं. लंडनमध्ये मेरी स्टोप्सने पहिला दवाखाना उघडला तेही हेच वर्ष. जुलै १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक निघू लागलं आणि कर्वे गेले त्या १९५३ सालापर्यंत, सव्वीस वर्षं, ते निघत राहिलं. पैसा नाही, मुखपृष्ठावर नग्न स्त्रीचं चित्र, आणि आत गणिताच्या शिक्षकाची कोरडी, नेमकी भाषा. घर चालवण्यात पत्नी मालतीबाईंचा वाटा मोठा. मासिकाच्या सव्वीस वर्षांचा हिशेब करताना त्यांचं नाव बहुतेक वेळा तळटीपेत जातं, हे काही बरोबर नाही.

त्या मासिकातला सगळ्यांत जिवंत भाग म्हणजे वाचकांची पत्रं. खेड्यापाड्यांतून, शहरांतल्या खोल्यांमधून, नाव झाकून लोक लिहीत. जे मित्राला विचारता येत नाही, वैद्याला विचारलं तर गोळ्या गळ्यात पडतात आणि बापाला विचारलं तर कानाखाली बसते, ते कर्व्यांना विचारत. हस्तमैथुनाने काय होतं? स्वप्नावस्थेने ताकद जाते का? कर्व्यांची उत्तरं दोन-चार ओळींची असत. दिलासा देण्याची त्यांची रीत म्हणजे दिलाशाचा एकही शब्द न वापरणं. वीर्य हे काही साठवून ठेवायचं धन नाही, ते गेल्याने अशक्तपणा येत नाही, ब्रह्मचर्याने तेज वाढतं ही समजूत निराधार आहे, हे ते पुन्हापुन्हा लिहीत. गांधीजींच्या ब्रह्मचर्याच्या उपदेशालाही त्यांनी सूट दिली नाही. गणिती माणसाने चाळीस थेंबांचं गणित फळ्यावरून पुसून टाकलं, असं मला ते अंक वाचताना वाटतं.

त्याची किंमत कोर्टात मोजावी लागली. १९३१ मध्ये व्यभिचारावरच्या लेखाबद्दल अश्लीलतेचा खटला झाला, शंभर रुपये दंड. १९३४ चा खटला तर वाचकांच्या प्रश्नोत्तरांवरच होता. या वेळी कर्व्यांच्या बाजूने उभे राहिलेले बॅरिस्टर होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. लोकांना प्रश्न पडतात, त्यांना शास्त्राला धरून उत्तर देणं हा गुन्हा कसा, हा बचावाचा गाभा. कोर्टाला तो पटला नाही. दोनशे रुपये दंड झाला. कर्व्यांनी दंड भरला आणि पुढचे अंक काढत राहिले.

एकाच महिन्यात लंडनचा एक प्रतिष्ठित डॉक्टर बड्या कवीची नस बांधून त्याला जवानी विकतो, आणि मुंबईत दुसरा एक माणूस ‘तुमचं काही गेलेलं नाही’ हे फुकट सांगतो म्हणून दंड भरतो. मला यात विनोद दिसतो, पण हसू येत नाही. त्याच ऑगस्टमध्ये मुंबईहूनच डॉ. ए. पी. पिल्ले यांनी ‘मॅरेज हायजीन’ हे इंग्रजी त्रैमासिक सुरू केलं. त्याच्याशी हेअरचाही संबंध होता. जगभरातले तज्ज्ञ त्यात लिहीत. इंग्रजीत छापलं की तेच शास्त्र ठरत होतं आणि मराठीत छापलं की अश्लील, अशी मला शंका आहे.

या सगळ्या गदारोळात वृषणातून रक्तात उतरणारा खुद्द तो पदार्थ कुणीच पाहिलेला नव्हता. १९२७ मध्ये शिकागोच्या फ्रेड कॉखने तिथल्या कत्तलखान्यातून बैलांची वृषणं आणली, अठरा किलोच्या आसपास, आणि त्यातून मिळाला वीस मिलिग्रॅम अर्क. धडधाकट पुरुषाचं शरीर दिवसाला सहा-सात मिलिग्रॅम संप्रेरक तयार करतं. म्हणजे एवढा खटाटोप एका माणसाच्या तीन दिवसांच्या शिध्यासाठी. १९३१ मध्ये जर्मनीच्या बुटेनान्टने बर्लिनच्या पोलिसांची पंधरा हजार लिटर लघवी आटवून पंधरा मिलिग्रॅम अँड्रोस्टेरॉन काढलं. शेवटी १९३५ मध्ये अॅम्स्टरडॅमच्या एर्न्स्ट लाकरच्या चमूने वृषणातून शुद्ध स्फटिक मिळवले आणि त्याचं नाव ठेवलं टेस्टोस्टेरॉन. काही महिन्यांत बुटेनान्ट आणि झुरिकचा रुझिका या दोघांनी ते प्रयोगशाळेत तयारही केलं. १९३९ चं रसायनशास्त्राचं नोबेल दोघांना जाहीर झालं.

पदार्थ सापडला तेव्हा रांजणाची कल्पनाच मोडीत निघाली. कारण टेस्टोस्टेरॉन कुठे साठत नाही. रोज लागेल तसं रोज बनतं. मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी रक्तातून निरोप धाडते, वृषणातल्या पेशी संप्रेरक तयार करतात, ते रक्तातून मेंदूपर्यंत पोचलं की मेंदू म्हणतो, पुरे, आणि निरोप सौम्य होतो. पातळी उतरली की पुन्हा निरोप. भरलेलं गाडगं वर येतं, रितं खाली जातं. आमच्या रहाटणीच्या नावात जो रहाट आहे, तोच हा. विहिरीवरचे रहाट गेले, बोअरवेल आल्या, आता टँकर येतो. पण रहाट पाहिलेल्या माणसाला हे समजवायला दोन मिनिटं पुरतात, हे मी करून पाहिलं आहे. रहाटाचं पाणी उपसल्याने संपत नाही. रहाट बिघडतो तो बैल थकला, दोर तुटला किंवा विहीर आटली म्हणून.

स्वातंत्र्यानंतरचं १९५४ साल या भागाच्या दृष्टीने गमतीचं आहे. मार्चमध्ये पिंपरीला हिंदुस्तान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली आणि पुढच्या वर्षी तिथून पेनिसिलीन बाहेर पडू लागलं. गरमीसारखा खराखुरा गुप्तरोग बरा करणारं औषध रहाटणीपासून हाकेच्या अंतरावर बाटल्यांत भरलं जाऊ लागलं. १९५४ च्याच एप्रिलमध्ये दिल्लीत आक्षेपार्ह जाहिरातींचा कायदा झाला. कामशक्ती वाढवण्याचा दावा करणारी औषधाची जाहिरात गुन्हा ठरली. कायदा पुस्तकात राहिला आणि जाहिराती भिंतींवर गेल्या. लोणावळा लोकलने जाताना रुळांकडेच्या भिंतींवर चुन्याने लिहिलेलं ‘गुप्तरोग, कमजोरी, नामर्दी’ हे माझ्या पिढीने मराठी शिकता शिकता वाचलं आहे. चाकणच्या रस्त्याला ताडपत्रीचे तंबू, बरण्यांमध्ये मुळ्या आणि पुढ्यात खुर्ची टाकून बसलेला खानदानी वैद्य हे दृश्य तर अजूनही आहे. परगावाहून आलेला, खोलीत सहाजणांत राहणारा कामगार तिथे थांबतो. कारण तिथे नाव विचारत नाहीत.

आता तो धागा. व्हिएन्नात जवानीसाठी बांधली जाणारी नस आपल्याकडे कुटुंबनियोजनासाठी बांधली जाऊ लागली, आणि महाराष्ट्र त्यात देशाच्या पुढे होता. १९६० च्या दशकात मुंबईच्या रेल्वे स्थानकांवर, गाडीची वाट पाहणाऱ्यांच्या गर्दीत, नसबंदीची केंद्रं चालत. महापालिकेचे डॉ. दत्ता पै त्यामागे होते. तोवर गोष्ट राजीखुशीची होती. मग आणीबाणी आली. १९७६ मध्ये महाराष्ट्राच्या विधिमंडळाने तीन मुलांनंतर सक्तीच्या नसबंदीचं विधेयक मंजूर केलं. राष्ट्रपतींची संमती त्याला कधी मिळाली नाही, पण संमतीसाठी थांबायला वेळ कुणाला होता? शिक्षकांना, तलाठ्यांना, ग्रामसेवकांना कोटे ठरवून दिले. बार्शीला बाजारासाठी आलेल्या माणसांना रस्त्यावरून उचलून नेल्याच्या हकिगती छापून आल्या. १९७५-७६ मध्ये देशभर सत्तावीस लाखांच्या आसपास नसबंद्या झाल्या होत्या. पुढच्याच वर्षी ब्याऐंशी लाखांवर गेल्या आणि त्यांतल्या बहुतेक पुरुषांच्या.

आजोबा तेव्हा तिशीच्या आतबाहेर होते. कंपनीत अर्ज फिरत होता, गावात सरकारी जीप फिरत होती. “आम्ही उसात जाऊन झोपायचो,” ते सांगतात. “मुलं नकोत ते ठीक आहे. पण आमची समजूत काय, की हे आपला बैल करणार. खोंडाचं बघितलेलं ना डोळ्यांनी. शिर चेचली की संपला.”

या समजुतीला अडाणीपणा म्हणायला माझी जीभ रेटत नाही. खोंडाला बडवताना चेचतात त्यात रक्तवाहिन्याही असतात. रक्त तुटलं की वृषण सुकतं आणि रहाटच बंद पडतो. नसबंदीत फक्त बीज नेणारी नळी बांधतात. रक्त येतं-जातं तसंच राहतं आणि संप्रेरक तर रक्तातूनच जातं, त्याला नळी लागतच नाही. बेर्टोल्डच्या कोंबड्याचं वृषण आतड्याशेजारी पडून काम करत होतं ते याच कारणाने. म्हणून श्टाइनाखचं म्हणणंही चूक, त्या कापाने जवानी वाढत नाही. आणि उसात झोपलेल्यांची भीतीही चूक, त्याने ती जात नाही. एवढा एक वाक्याचा फरक जीपमधून उतरलेल्या एखाद्या साहेबाने शेतकऱ्याच्या ओट्यावर बसून, बैलाकडे बोट दाखवून सांगायला हवा होता. त्याऐवजी तुपाचा डबा आणि ट्रान्झिस्टर दाखवला, आणि पुढे पोलीस.

याचा परिणाम आजही घराघरात आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया झालेल्या स्त्रियांचं प्रमाण ३७.९ टक्के निघालं आणि पुरुषांचं ०.३ टक्के. पुरुष उसातून बाहेर आलाच नाही, बायकोला पुढे केलं.

गंमत अशी की ज्या कापाने काही जात नाही त्याला भ्यालेला पुरुष, ज्याने खरोखर जातं त्याला मात्र भ्याला नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचं एक छायाचित्र २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं. शेजारी लंडनचे त्यांचे मित्र डॉ. जॉन युडकिन. दोघंही सडपातळ, दोघांचा वजन-उंचीचा निर्देशांक एकच, २२.३. पण युडकिनच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२. दिसायला बारीक, आतून चरबट, हा आपला भारतीय सांगाडा त्यांनी स्वतःच्याच उदाहरणाने दाखवून दिला. त्यातली पोटाची चरबी मधुमेहाला निमंत्रण देते आणि त्याच चरबीत टेस्टोस्टेरॉनचं रूपांतर इस्ट्रोजेनमध्ये होतं. ते मेंदूपर्यंत पोचतं, मेंदू समजतो भरपूर आहे, निरोप मंदावतो आणि रहाट हळू फिरू लागतो. त्याच वर्षी अमेरिकेत बफेलोला संदीप धिंडसा आणि परेश दंडोना यांच्या गटाने टाइप-२ मधुमेहाच्या १०३ पुरुषांना तपासलं. एकतृतीयांश जणांत मोकळं टेस्टोस्टेरॉन कमी निघालं.

त्यात आमची शिफ्ट. २०११ मध्ये शिकागोत दहा धडधाकट तरुणांना आठवडाभर रोज पाचच तास झोपू दिलं. दिवसाची पातळी १० ते १५ टक्क्यांनी घसरली. आमच्या कारखान्यांच्या पट्ट्यात हा प्रयोग कंपनीच्या बसमध्ये रोज चालू असतो. तिसरी पाळी करून सकाळी घरी, पोरांच्या शाळेची गडबड, खिडकीला चादर लावून चार तासांची झोप, दुपारी उठून वडापाव.

कमी टेस्टोस्टेरॉनचं दुखणं वाजतगाजत येत नाही. आधी इच्छा जाते. पहाटेची ताठरता, जिच्याबद्दल कुणी बोलत नाही पण जी गेल्याचं प्रत्येकाला कळतं, ती विरळ होते. अंगात आळस भरतो, चिडचिड वाढते, दंड उतरतात, पोट सुटतं. फार काळ राहिलं तर हाडं ठिसूळ होतात, रक्त कमी होतं. घरात मात्र याचं भाषांतर वेगळंच होतं. नवरा उशिरापर्यंत मोबाइल घेऊन बाहेरच्या खोलीत बसतो, बायको जागी असेल तोवर आत येत नाही. तिला वाटतं आपण नकोशा झालो, किंवा बाहेर कुणीतरी आहे. त्याला वाटतं तिला कळलं तर आपली किंमत गेली. दोघंही गप्प, आणि मधे वीतभर गादी. मग कुणीतरी मेडिकलमधून निळी गोळी आणतो. ती रक्तप्रवाहाचं काम करते, इच्छेचं नाही. इच्छाच नसेल तर गोळी काय करणार, आणि हृदयाची काही औषधं चालू असतील तर ती गोळी जिवावरही बेतू शकते.

दुसऱ्या टोकाला जिममधली पोरं. दंडासाठी बाहेरून टेस्टोस्टेरॉन टोचून घेतात. मेंदूला भरपूर दिसतं, तो निरोपच थांबवतो, रहाट ठप्प आणि बीज बनणंही ठप्प. लग्नानंतर दोन वर्षांनी मूल का होत नाही म्हणून हीच पोरं तपासणीला येतात. पुरुषत्वाचं इंजेक्शन घेऊन बाप होण्याची शक्ती घालवणं, हे भुजंगनाथालाही सुचलं नसतं.

ज्याला खरोखर कमतरता आहे त्याला उपचार आहे आणि तो चांगला आहे, हेही तितकंच स्पष्ट म्हटलं पाहिजे. पाच हजारांहून अधिक पुरुषांवरचा ‘ट्रॅव्हर्स’ हा अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. हृदयविकाराचा आणि पक्षाघाताचा धोका त्यात वाढलेला दिसला नाही, मात्र हृदयाची लय बिघडणं आणि फुप्फुसात गाठ अडकणं थोडं अधिक आढळलं. म्हणजे डॉक्टरच्या देखरेखीखाली घ्यायची गोष्ट. पण असे रुग्ण जाहिरातीत वाटतात तितके नसतात. युरोपातल्या ४० ते ७९ वयाच्या तीन हजारांवर पुरुषांत लक्षणं आणि पातळी या दोन्ही कसोट्यांना उतरणारे २०१० मध्ये जेमतेम दोन टक्के निघाले.

गेल्या वर्षी मी स्वतःच या चरकातून गेलो. पन्नाशीनंतरचं ‘फुल बॉडी पॅकेज’, सवलतीत. घरी येऊन रक्त नेतो म्हणाले आणि सकाळी म्हणता म्हणता दुपारी चारला आले. आदल्या रात्री लग्नाहून परतायला दोन वाजले होते. रिपोर्टमध्ये टेस्टोस्टेरॉनपुढे लाल बाण, २६८. छापलेली मर्यादा ३०० ते १०००. तासाभरात फोन, “सर, आमच्याकडे थेरपीचं पॅकेज आहे.” खरं सांगतो, आयुष्यभर कर्व्यांचे अंक चाळलेला मी, त्या रात्री मलाही अंगातला रांजण रिता झाल्यासारखा वाटला.

ओळखीच्या डॉक्टरांनी रिपोर्ट पाहिला आणि पहिला प्रश्न विचारला, रक्त किती वाजता काढलं? ही पातळी पहाटे चढते आणि दुपारनंतर उतरते. ती सकाळीच, उपाशीपोटी, नीट झोप झाल्यावर आणि तीही दोनदा पाहायची असते. एकदाच्या आकड्यावर कुणालाही नामर्द ठरवायचं नसतं. दोन आठवड्यांच्या अंतराने दोनदा काढलं. ४१० आणि ४३५. मग त्यांनी त्याच रिपोर्टच्या दुसऱ्या पानावर बोट ठेवलं, तीन महिन्यांच्या साखरेचा आकडा ६.२. “याचं काय करायचं ते बोला,” म्हणाले. त्या आकड्यापुढे लाल बाण नव्हता, कारण त्यावर पॅकेज नव्हतं.

तेव्हापासून सकाळी शिवार चौकापर्यंत चालून येतो. येताना ओट्यावर थांबतो. हे सगळं एकदा आजोबांना सांगितलं, रहाट, निरोप, रिकामं गाडगं, सगळं. त्यांनी ऐकून घेतलं आणि मग आवाज खाली करून म्हणाले की उसात झोपायला जायचे ते दुसरे, मी तिसऱ्या रात्री पकडलो गेलो. पिंपरीला नेलं, दहा मिनिटांत झालं. पन्नास वर्षं झाली, गावात कुणाला सांगितलं नाही. भावालासुद्धा नाही.

आजी आत भाकरी थापत होत्या. थापण्याचा आवाज थांबला.

“त्यात काय सांगायचंय,” त्या आतूनच म्हणाल्या. “बैल कुठं झाले? वळूसारखे डुरकत्यात की अजून.”